हरणीचे डोहाळे

आमच्या घरी पहाटे जाग यायची ती आमच्या हरणी गाईच्या वाडं चावण्यानं. स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीला लागून माझं अंथरूण. ऊस तोडल्यावर शेंड्याकडचा जो हिरवा, लांब पात्यांचा भाग उरतो त्याला आमच्याकडे वाडं म्हणतात. चवीला गोडसर, आत कोवळं, पण पात्याची कड इतकी धारदार की भारा उचलणाऱ्याच्या मानेवर आणि दंडावर बारीक ओरखडे उठतात. थंडीभर आईच्या, अक्काच्या आणि माझ्या हातांवर ते असायचेच, आणि चुलीपुढं बसून आमटीत मीठ टाकायला गेलं की झोंबायचे. हरणी वाडं खायची तेव्हा आधी पात्यांची सळसळ यायची, मग आतलं कोवळं कांडं फुटल्याचा कर्रकन आवाज, आणि मग बराच वेळ नुसतं संथ रवंथ. त्या आवाजानं मला जाग यायची आणि त्याच आवाजात पुन्हा डोळा लागायचा. आता मी साताऱ्यात फ्लॅटमध्ये राहते, दूध पिशवीतून येतं आणि झोप गोळीतून. डॉक्टर झोप न येण्याचं कारण विचारतात तेव्हा मी वय सांगते.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, कालव्याच्या अंगाला. घर दोन भावांचं, एकत्र. थोरले अप्पा, म्हणजे माझे चुलते, शेती बघायचे. दादा, म्हणजे माझे वडील, फौजेतून पेन्शनीवर आले होते. अप्पा कमी बोलायचे पण त्यांचं बोलणं घरात चालायचं. दादा पुष्कळ बोलायचे आणि त्यांचं फारसं कुणी ऐकायचं नाही. गोठा झाडायला उशीर झाला की दादा ‘डिसिप्लीन न्हाई, डिसिप्लीन’ असं म्हणत स्वतःच खराटा हातात घ्यायचे. पोरींवर त्यांचा फार जीव, पण तो बोलून दाखवायची रीत आमच्या घरात नव्हती. लाड करायचे म्हणजे काहीतरी आणून द्यायचं. मला त्यांनी लोणंदच्या बाजारातून स्वेटर आणला होता आणि माझ्या थोरल्या बहिणीला, शालनअक्काला, त्याच बाजारातून गाय आणली.

ती गाय का आणली ते सांगितलं पाहिजे. अक्काला मिरजेच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीजवळ दिली होती. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. अक्का त्या दिवाळीला माहेरी आली आणि परत गेली नाही. तिला कुणी जा म्हटलं नाही, पण राहा असंही कुणी म्हटलं नाही. ती सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या मागून जेवायची, आणि घरात दिसेल ते काम ओढून घ्यायची. आळीतल्या बायका तिच्यासमोर गोड बोलायच्या आणि तिची पाठ वळली की आवाज खाली घ्यायच्या. मग एक दिवस दादा हरणीला घेऊन आले. तांबूस रंगाची, जर्सीच्या वळणाची, मोठ्या कासेची, आधी दोनदा व्यालेली गाय. दावं अक्काच्या हातात देऊन ते म्हणाले, “ही तुझी. दूध डेअरीत तुझ्या नावानं घालायचं. समजलं का?”  अक्कानं हरणीचे पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं आणि त्या दिवसापासून ती आमच्या पंगतीत बसून जेवायला लागली.

पुढच्या वर्षी हरणी तिसऱ्यांदा गाभण राहिली आणि त्याच सुमाराला मिरजेकडून निरोप आला. तिकडे धाकटीला, म्हणजे अक्काच्या सवतीला, दिवस गेले होते, काम उरकत नव्हतं, थोरलीला धाडून द्या. निरोप घेऊन आलेल्या माणसाला आईनं पोहे दिले, चहा दिला आणि आत येऊन चुलीतला जाळ उगाच पुढं-मागं करत बसली. तो माणूस गेल्यावर अप्पा ओसरीवरून म्हणाले, “धाडायला पायजे. लेकीनं किती दिस बसायचं हितं? उद्या धाकटीचं लगीन करायचं हाय. लोकं इचारत्यात.” ही धाकटी म्हणजे मी. मी दाराआड उभी होते आणि माझ्या लग्नाच्या नावाखाली अक्काला घालवताहेत याचा मला इतका राग आला की मी हातातली परात मुद्दाम जोरात आपटली.

दादा म्हणाले, “बसून खाती का ती? हरणी येऊ द्या, वासरू होऊ द्या. दूध सुरू होऊ द्या. सोताच्या पायावर उभी ऱ्हाती का न्हाई बगा, आन् मग बोला.”

अप्पांनी जरा विचार केला. “बरं,” ते म्हणाले. “गाय नीट येऊ दे. तिचं तिनं चालवलं तर मी पुना ही गोष्ट काडायचो न्हाई.” अप्पा दिलेला शब्द पाळणारे होते, त्यामुळे आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं. हरणीचं बाळंतपण नीट झालं की अक्का राहिली. आईनं त्या संध्याकाळी घेवड्याच्या आमटीत तेल सढळ हातानं घातलं, आणि आम्ही सगळे पोटभर जेवलो.

थंडी पडली आणि ऊस तोडायला बीडकडचे तोडकरी आले. आमच्या बांधाला त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडल्या. ऊस कारखान्याचा आणि वाडं तोडकऱ्याचं, ही आमच्याकडची जुनी रीत. आधी त्यांची बैलं खाणार, राहिलेलं ते विकणार किंवा कुणाला द्यायचं त्याला देणार. टोळीतल्या कोंडाबाईचं आणि अक्काचं चांगलं जमलं होतं. कोंडाबाई कडेवर लेकरू घेऊन ताकाला यायची, येताना डोक्यावर वाड्याचा भारा असायचा. निवडून आणलेलं, हिरवंगार, एकही वाळकं पान नसलेलं. “तुझ्या गाईसाठी वरलं वरलं काढून आणलंया, शालन,” ती म्हणायची. हरणी तिचा आवाज ऐकला की दावणीत उठून उभी राहायची. वाळक्या कडब्याकडं ती ढुंकून बघेनाशी झाली, आणि अक्काला त्याचा अभिमान वाटायचा. “माझी गाय कडबा खात न्हाई,” असं ती डेअरीत सांगायची, शहरातली एखादी बाई माझा मुलगा भाजी खात नाही म्हणून सांगते तसं.

जनावरांचे डॉक्टर एकदा हरणीला तपासायला आले होते. तरुण होते, गाडीवरून यायचे, आणि चहाला नको म्हणायचे नाहीत. त्यांनी दावणीत बघितलं आणि अक्काला नीट समजावून सांगितलं. वाड्यात एक आम्ल असतं, ते अंगातला चुना धरून ठेवतं. दूध देणाऱ्या गाईला तोच चुना सगळ्यात जास्त लागतो. तेव्हा नुसतं वाडं घालायचं नाही, त्यात कडब्याची कुट्टी मिसळायची, आणि वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडायची. अक्कानं लगेच ऐकलं. मडक्यात चुना भिजत घातला, वरचं स्वच्छ पाणी काढून वाड्यावर शिंपडायला लागली. हरणीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. ती गाभण गाय दावणीपुढं उपाशी उभी राहायची आणि अक्काकडं बघायची. अक्काचा जीव तुटायला लागला. “वास येतोय गं तिला,” ती आईला म्हणाली. आई म्हणाली, “नगं वाटतंय तर नगं घालूस. डोहाळं हायती तिचं. व्यायचं दिस जवळ आलं, आता खाऊ दे मनासारखं. आल्यावर बगू चुन्याचं.” मडकं गोठ्याच्या कोपऱ्यात गेलं आणि हरणी पुन्हा कर्रकर्र वाडं खायला लागली. आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं, अप्पांनाही.

आज माझ्या सासरकडच्या पुतण्याला हे सांगितलं तर तो कपाळावर हात मारून घेतो. त्याच्या गोठ्यात वाडं यंत्रातून बारीक होऊन येतं, त्यात कोरडा चारा ठरलेल्या मापानं पडतो, वरून खनिजांची पूड. मशीन ऊस तोडतं त्या रानात तर वाडं हाताला लागतही नाही, सगळं कुटून रानभर उडवलं जातं. हल्ली गाईंच्या डोहाळजेवणाचे फोटो मोबाईलवर येतात, मागं मंडप, पुढं केक. लोक ते कौतुकानं मला पाठवतात. मी ते न उघडता पुसून टाकते आणि कारण सांगत बसत नाही.

कारण आम्हीही केलं होतं. कल्पना आळीतल्या बायकांची. आमच्याकडं पहिलटकरणीला आळीतून प्रत्येक घरचं तिच्या आवडीचं खायला येतं, तसं हरणीला करायचं ठरलं. आता मला वाटतं, त्या बायका गाईसाठी आल्याच नव्हत्या. अक्काची ओटी भरायची राहून गेली होती, ती त्यांना अशी भरायची होती. दुपारी गोठा सारवला, रांगोळी काढली, हरणीच्या शिंगांना हिरव्या बांगड्या बांधल्या, पाठीवर आईचा ठेवणीतला खण टाकला. आणि प्रत्येक बाई येताना वाड्याची पेंडी घेऊन आली. ज्यांच्या रानात तोड नव्हती त्यांनी दुसऱ्याच्या रानातून मागून आणली. तोडकऱ्यांच्या बायकाही कामावरून परस्पर आल्या. दावणीत मावेना तेव्हा पेंड्या भिंतीला उभ्या करून ठेवल्या. हरणी या पेंडीला तोंड लावायची, त्या पेंडीला लावायची, आणि बायका हसायच्या. गाणी झाली. मग शेजारची म्हातारी, मनात वाईट नसताना, बोलून गेली, “चला, हिचं तरी झालं.”  अक्कानं हळदीकुंकवाचं तबक खाली ठेवलं, म्हातारीच्या पाया पडली आणि म्हणाली, “व्हय मावशे, हिचं झालं म्हंजी माझं झालं.” आणि ती खरोखर हसली. माझ्या बहिणीला इतकं खुशीत मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

पुढं बरेच दिवस आळीतून वाडं येतच राहिलं, आणि हरणी व्याली तेव्हा त्याची एक रास घरामागच्या परड्यात शिल्लक होती. सकाळी व्याली. कालवड झाली, आईसारखीच तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. दादा अंगणात येरझाऱ्या घालत होते, ते ऐकून मटकन पायरीवर बसले. अप्पांनी आत येऊन कालवडीला बघितलं, अक्काकडं बघितलं आणि म्हणाले, “झ्याक झालं.” अप्पांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. मग अक्का धार काढायला बसली. ज्या घरातून हरणीला वाडं आलं त्या प्रत्येक घरी चीक गेला पाहिजे, असा तिचा हट्ट. कालवडीच्या वाट्याचा ठेवून तिनं कास रिकामी होईपर्यंत धार काढली. दिवसभर चुलीवर खरवस होत होता, गूळ-वेलदोड्याचा वास आळीत पसरला होता, आणि मी वाट्या घेऊन घरोघरी जात होते. कोप्यांवरही गेले. कोंडाबाईनं बोटानं लेकराच्या जिभेवर लावला आणि मग उरलेला स्वतः खाल्ला.

संध्याकाळी हरणी पाय ओढायला लागली. दमली असेल, असं आई म्हणाली. पहाटे मला जाग आली ती आवाज नव्हता म्हणून. मी गोठ्यात गेले तर अक्का आधीच तिथं होती. हरणी बसली होती, मान वळवून बरगडीवर टेकवलेली, झोपल्यासारखी. अक्का तिचे कान दोन्ही हातांनी चोळत होती. “गार हायती गं,” ती मला म्हणाली. “कान गार पडल्यात.” आईनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या, बायकांची दृष्ट लागली म्हणून. पोती घातली, गुळाचं पाणी पाजायला बघितलं, ते तोंडाच्या कडेनं ओघळलं. दादा सायकल घेऊन डॉक्टरांकडं गेले, तर डॉक्टर दुसऱ्या गावाला लस टोचायला गेलेले. दादा तसेच पुढं त्या गावाला गेले. इकडं अप्पा गाईला कडेवर कलंडू देत नव्हते, तिच्या अंगाला आपली पाठ लावून बसून राहिले होते.

डॉक्टर आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांनी डोळे बघितले, नाकाला हात लावला, आणि घाईघाईनं शिरेत सुई घातली. बाटली दादांनी हातात उंच धरली होती. औषध उतरत असताना डॉक्टरांनी विचारलं, “काय घालत होता?”

“वाडं,” अक्का म्हणाली.

“नुसतं?”

“नुसतंच. डोहाळं हुतं तिचं.”

डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या मडक्याकडं बघितलं. आत चुना तडकून गेला होता. “आणि चीक?”

“सगळा काडला. आळीत वाटला.”

अंगातला उरलासुरला चुना त्या चिकातून निघून गेला होता. दुधाचा ताप म्हणतात त्या रोगाला. नाव ताप, आणि अंग मात्र बर्फागत गार पडतं. बाटली अर्धी झाली असेल, हरणीनं एकदा पाय झाडले आणि मान टाकली. डॉक्टरांनी छातीला कान लावला, थोडा वेळ तसेच राहिले, आणि मग दादांना म्हणाले, “बाटली खाली घ्या.” दादांनी खाली घेतली नाही. शेवटी अप्पांनी त्यांच्या हातातून ती काढून घेतली. अक्का रडली नाही. ती उठली, परड्यातल्या वाड्याच्या राशीपाशी गेली, आणि एकेक पेंडी उचलून उकिरड्यावर टाकायला लागली. तिच्या हातांवर पात्यांनी चिरा पडत होत्या. कुणीतरी तिला धरायला पाहिजे होतं, पण कुणी पुढं झालं नाही, आणि मला अजून कळत नाही की आम्ही सगळे तिथं नुसते का उभे होतो.

खड्डा अप्पांनी खणला. बांधावर, कोप्यांच्या पलीकडं. दुसऱ्या कुणाला त्यांनी कुदळ दिली नाही आणि खणताना ते रडत होते, हे मी स्वतः बघितलं आहे, म्हणून अप्पांबद्दल कुणी वाईट बोललेलं मला आजही खपत नाही. त्यांनी पुढं मिरजेचं नावही काढलं नाही. कुणीच काढलं नाही. आळीतल्या बायका येऊन बसायच्या आणि दृष्टीबद्दल बोलायच्या. खरं काय झालं ते अक्काला ठाऊक होतं. गाईवर सगळ्यांनी माया केली आणि त्या मायेनंच गाय गेली, हे ती कुणाला सांगणार होती?

एका संध्याकाळी दादा जेवत होते. म्हणाले, “येत्या बाजाराला लोणंदला जातो. दुसरी बगतो एखांदी.”

अक्का भाकरी थापत होती. “नगा आणू, दादा,” ती म्हणाली.

“का गं? पैशाचं बगंन मी.”

“पैशाचं न्हवं. ती बी मरंल कवातरी. गाय काय जल्माला पुरती?” तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. “गाय हाय तवर लेक घरात. गाय मेली की लेक बाहीर. मग मी हितली कोन, दादा?”

दादांचा घास हातातच राहिला. ओसरीवर अप्पांचा अडकित्ता वाजत होता, तो थांबला. आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. उत्तर अगदी साधं होतं, आम्हा सगळ्यांना येत होतं, आणि ते द्यायला त्या घरात एकाचीही जीभ उचलली नाही. अक्कानं भाकरी उलटली, ती टम्म फुगली, तिनं ती दादांच्या ताटात वाढली. “खावा, गार हुईल,” ती म्हणाली.

कालवड बादलीतून शेजारच्या म्हशीचं दूध प्यायला शिकेपर्यंत अक्का थांबली. मग मिरजेला निघाली. कोरेगाव स्टँडवर तिला पोचवायला दादा आणि मी गेलो. दादा त्या दिवशी सारखे बोलत होते. गाडीत खिडकीशेजारी बस, कराडला उतरू नको, तिथं गाडी बराच वेळ थांबते, पाणी बाहेरचं पिऊ नको, सांगलीला उतरलीस की लगेच मिरजेची गाडी मिळेल. केळी घेतली. मग खारे दाणे घेतले. मग पुन्हा जाऊन बिस्किटाचा पुडा आणला. कंडक्टरला सांगितलं, लेक एकटी आहे, लक्ष ठेवा. अक्का प्रत्येक गोष्टीला ‘व्हय दादा’ म्हणत होती आणि त्यांच्या तोंडाकडं बघत होती. ती कशाची वाट बघत होती ते मला दिसत होतं, आणि दादांनाही दिसत असणार. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी फलाटावरून मागं आली, वळली, आणि फाटकातून बाहेर पडून साताऱ्याच्या रस्त्याला लागली. मागं धूर राहिला. दादा त्या रिकाम्या फलाटावर उभे राहून म्हणाले, “ऱ्हा की गं, पोरी.”

अक्कानं जन्म तिकडंच काढला. सवतीची मुलं तिनं वाढवली, ती तिला थोरली आई म्हणतात, आणि चांगलं वागवतात. ती सणाला यायची, एक रात्र राहायची, जायची. दादांचं वाक्य मी तिला सांगितलं नव्हतं, कारण ते दादांनी स्वतः सांगावं असं मला वाटायचं, आणि ते सांगतील अशी आशाही होती. दादा गेले. तेराव्याच्या दिवशी, पंगती उठल्यावर, आम्ही दोघी मागच्या दारात भांडी घासत होतो तेव्हा मी सांगितलं. राख लावलेलं पातेलं तिच्या हातात तसंच राहिलं.

“खरंच म्हनले?”

“व्हय.”

“तू ऐकलंस?”

“शेजारीच हुते की मी.”

 मग ती म्हणाली, “कसं म्हनले, तसंच म्हन.”

मी म्हटलं. “ऱ्हा की गं, पोरी.”

अक्कानं पातेलं खाली ठेवलं. “पुन्यांदा म्हन,” ती म्हणाली.